डाव्या पंखाचं कापड

मंगळवार, १८ फेब्रुवारी. सुनेच्या तीन साड्यांना फॉल लावायचे आहेत. दोन झाले. तिसरा अर्ध्यावर ठेवून हे लिहायला बसले आहे. जे लिहिणार आहे ते आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही. नवरा शेवटच्या आजारात तीन महिने अंथरुणावर होता, दुपारभर आम्ही दोघंच असायचो, बोलायला दुसरं काही नसायचं – तेव्हाही नाही.

सून मला हसते. म्हणते, आई, फॉलला प्रत्येक टाक्यात गाठ कोण मारतं? तीन टाक्यांनी एक मारली तरी पुरते. बरोबर आहे तिचं. पूर्वी मीही तसंच करायचे. नऊ वर्षांपूर्वी ही सवय बदलली, आणि ती का बदलली ते तिला सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल.

आधी माझं काम सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी सुरतेत, उधन्यात एका फोल्डिंग खात्यात कापड तपासते. लूमवरून, मिलमधून कापडाचे ताके येतात. खालून दिवा असलेल्या काचेच्या टेबलावरून ते ओढायचे, तुटलेला धागा, गाठ, विरळ पट्टा, डाग शोधायचा आणि टोकावर लिहायचं – फ्रेश किंवा सेकंड. मग घडी. सत्तावीस वर्षं हेच करते आहे. मी सेकंड लिहिलं की ते सेकंड. मालक पुन्हा बघत नाहीत, व्यापारी पुन्हा बघत नाही, आणि ज्यानं विणलं त्याला तर कुणी विचारतच नाही. ही फुशारकी नाही. असं आहे, एवढंच.

धनसुखभाई आमच्या मालकांचे मित्र. लूमचे सुटे भाग बनवायचा त्यांचा वर्कशॉप होता. मुलानं धंदा हातात घेतल्यावर त्यांनी मागची शेड रिकामी केली आणि तिथं विमान बांधायला घेतलं. खेळण्यातलं नाही. माणूस बसून उडेल असं, खऱ्या मापाचं. इंग्रजांच्या काळातलं एक लढाऊ विमान होतं, वर दोन आणि खाली दोन असे चार पंख, लाकडी सांगाडा आणि त्यावर चक्क कापड. तशी अस्सल विमानं जगात आता बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत म्हणे, तीही काचेमागे. धनसुखभाईंनी वर्षानुवर्षं परदेशात पत्रं लिहून त्याचे नकाशे मिळवले होते. त्यांना हुबेहूब तसंच हवं होतं, आणि ते उडायला हवं होतं. घरचे कंटाळले होते. ते मात्र आल्यागेल्याला सांगायचे की सुरतनं अर्ध्या देशाच्या बायकांना साड्या नेसवल्या, एका विमानाला नेसवायला काय जड आहे?

ही थट्टा नव्हती. पंखांसाठी लागणारं घट्ट सुती कापड बाहेरून मागवता येत होतं, पण त्यांना ते सुरतेतच विणून हवं होतं. इथं सगळं पॉलिस्टर. सुती विणणारा आणायचा कुठून? त्यांनी मला विचारलं. मी लोटनभाऊचं नाव सांगितलं.

म्हणजे त्याला त्या कामावर आणला तोही मीच.

लोटनभाऊ आमच्याच धुळ्याकडचा. तरुणपणी तिकडे सुती मागावर होता, मग आमच्यासारखाच पोटामागे इकडे आला आणि वीस वर्षं दुसऱ्याच्या लूमवर पॉलिस्टर काढत राहिला. कमी बोलणारा. बोलला तर अहिराणीतच, समोरचा गुजराती असला तरी. एकदा धनसुखभाईंनी त्याला म्हटलं की लोटन, तू बोलतोस ते मला निम्मंच कळतं. त्यावर तो म्हणाला, निम्मं कळनं तरी बस शे, बाकीनं कापड सांगी. धनसुखभाईंना तेही निम्मंच कळलं असणार, पण ते खूप हसले.

धनसुखभाईंनी त्याला भंगारातून एक जुना माग आणून दिला. लोटनभाऊनं तो चार महिने दुरुस्त केला. आपल्या पाळीचं काम संपलं की शेडमध्ये यायचा. खळ स्वतः शिजवायचा. फणी स्वतः बसवली. आणि मग दोन ताके काढले.

ते कापड मी तपासलं. काय सांगू? सत्तावीस वर्षांत माझ्या टेबलावरून किती कापड गेलं असेल त्याचा हिशोब नाही, पण तसं दुसरं नाही पाहिलं. दिव्यावर धरलं तर उभा ताणा कुठला, आडवा बाणा कुठला ते ओळखू येऊ नये इतकं सारखं. पहिल्या ताक्याचा तुकडा धनसुखभाईंनी लॅबमध्ये पाठवला, तो पास झाला. दुसऱ्याचा पाठवलाच नाही. बेननी फ्रेश लिहिलंय, म्हणाले. आणि लोटनभाऊला म्हणाले की तुझा लूमनंबर टोकावर आहे ना, तो कापायचा नाही, पंखाच्या आत राहू दे, विमान असेपर्यंत राहील. लोटनभाऊ नुसता मान हलवत राहिला. त्याची बायको सुमन मला नंतर म्हणाली की त्या दिवशी तो घरी येऊन दोनदा जेवला.

आता शिवणाचं. तेही माझ्याकडेच आलं. गोंडे, फॉल, पिको – हाताचं शिवण मला येतं, म्हणून. वडोदऱ्याहून एक निवृत्त विमान-इंजिनिअर दर आठवड्याला यायचे, त्यांना सगळे नुसतं साहेब म्हणत. त्यांनी मला शिकवलं. पंखाच्या आत लाकडी फासळ्या असतात. कापड फासळीला टाक्यांनी बांधायचं. वीतभर लांब सुई पंखाच्या आरपार जाते, पलीकडे बसलेला माणूस ती परत ढकलतो, आपण दोरा ओढायचा आणि गाठ मारायची. प्रत्येक टाक्याला वेगळी गाठ. दोन टाक्यांत ठरलेलं अंतर. आणि विमानाच्या नाकाजवळचा जो भाग, जिथं पुढच्या पंख्याचा झोत बसतो, तिथं टाके निम्म्या अंतरावर. वरून कापडी पट्टी चिकटवायची म्हणजे टाके दिसत नाहीत. मग रोगण. ते सुकताना कापड आवळत जातं, बोट मारलं तर ढोलकीसारखं वाजतं.

तीन पंख मी तसेच शिवले. साहेब मोजायचे, मान हलवायचे, मगच पट्टी लागायची.

चौथा – खालचा डावा – शिवायच्या आठवड्यात साहेब आले नाहीत. घरी लग्न होतं.

मी घाईत होते का? नव्हते. दमले होते का? रोज दमते, त्यात नवं काय. मला वाटलं, एवढ्या गाठी कशाला? फॉलला तीन टाक्यांनी एक गाठ मारतो, साड्या धुऊन धुऊन विरतात पण फॉल सुटत नाही. ज्यानं कधी सुई धरली नाही त्यानं कागदावर लिहिलंय म्हणून मी गाठी मारत बसू? आणि ते निम्मं अंतर – तेही नाही केलं. सगळीकडे एकाच अंतरानं, तीन टाक्यांनी एक गाठ. दोन दिवसांचं काम पाऊण दिवसात उरकलं. पलीकडून सुई ढकलणाऱ्याला गाठी दिसत नव्हत्या, त्या माझ्या बाजूला होत्या. संध्याकाळी धनसुखभाईंनी विचारलं, बरोबर झालं ना? मी हो म्हटलं. पट्टी लागली. रोगण लागलं.

इतकं सांगून थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. कामचुकारपणा म्हणतात याला, लोक करतात, पकडले जातात, बोलणी खातात. मी पकडली गेले नाही.

दीड महिन्यानं विमान पूर्ण जोडलं गेलं. इंजिन जमिनीवरच चालवून बघायचं ठरलं, संध्याकाळी, वर्कशॉपच्या आवारात. चाकांना दोर बांधले. मालक आले, धनसुखभाईंची सगळी मंडळी आली, शेजारच्या कारखान्यातले लोक भिंतीवर बसले. लोटनभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. साहेब विमानात बसले. पंखा फिरला, जोर वाढला, धूळ उडाली. आणि खालच्या डाव्या पंखाचं कापड, नाकाजवळचं, फासळ्यांवरून उठलं. आधी फुगा आला. मग ते फडफडलं, आणि मग कडेनं हातभर टर्रकन फाटलं.

इंजिन बंद झालं. सगळ्यांत आधी मी पोचले. का पोचले? मला माहीत होतं कुठं बघायचं. फाटलेल्या जागेतून दोरा लोंबत होता. सरळ, गुळगुळीत, एकही गाठ नसलेला. एक सुटली होती आणि मागचे टाके माळेसारखे ओघळले होते. मी तो ओढून काढला, हातात गुंडाळला आणि कमरेला खोचला. कुणी पाहिलं नाही. पंखाकडे बघत उभी असलेली बाई, एवढंच दिसलं असेल.

मग सगळे आले. साहेब वाकून बघू लागले. धनसुखभाईंचा चेहरा पांढरा पडला होता. कापड फाटलंय हे सगळ्यांनाच दिसत होतं. ते माझ्याकडे वळले. म्हणाले, "बेन, तमे कहो."

मी फाटलेली कड बोटात धरली, दोन्हीकडे ओढून बघितल्यासारखं केलं आणि म्हटलं, "कापड कच्चं आहे. पहिला ताका बरोबर होता, हा दुसऱ्यातला आहे. माझी नजरचूक झाली. मी फ्रेश लिहायला नको होतं."

लक्षात येतंय ना, मी काय केलं? दोषही कबूल केला. जो केला नव्हता तो. आणि त्या कबुलीचं कौतुक झालं. मालक म्हणाले, एवढ्या वर्षांत पहिली चूक, आणि ती स्वतः पुढं होऊन सांगतेय. साहेबांना समाधान नव्हतं. त्यांनी आणखी दोन-तीन पट्ट्या उचकून टाके बघू म्हटलं, कापडाचा तुकडा लॅबला पाठवू म्हटलं. धनसुखभाईंनी हात जोडले. बेन स्वतःची चूक सांगतायत, म्हणाले, आता लॅब कशाला? मला या कापडावर कुणाला आकाशात पाठवायचं नाही.

लोटनभाऊ भिंतीजवळ उभा होता. त्याला कुणी काही विचारलं नाही.

चारही पंखांचं कापड काढलं. ते काढताना मी तिथं होते, डावा पंख मी स्वतः सोलला, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. बाहेरून कापड मागवलं. मी पुन्हा शिवलं – प्रत्येक टाक्याला गाठ, नाकाजवळ निम्मं अंतर, साहेब शेजारी उभे. ते उतरवलेलं कापड वर्कशॉपमध्ये तेल पुसायला गेलं. वर्षभर पुरलं. टोकावरच्या लूमनंबरासकट.

विमान उडालं. बारडोलीच्या पलीकडे उसाच्या शेतांत एक खाजगी धावपट्टी होती, तिथून. परवानग्यांना दोन वर्षं गेली, पण उडालं. दहाएक मिनिटं वर होतं. धनसुखभाई खुर्चीवर बसून रडत होते. मला पुढं बोलावून शाल दिली, साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं की असे टाके त्यांनी हवाई दलातही पाहिले नाहीत. मी शाल घेतली. खोटं नव्हतंच ना ते? टाके चांगलेच होते. या वेळचे.

लोटनभाऊ तिथं नव्हता. तोवर त्याचं मागाचं काम सुटलं होतं.

ते कसं सुटलं ते सांगते. विमानाचं काम हातचं गेल्यावरही तो शेडमधल्या त्या जुन्या मागावर येत राहिला. आठ महिने. सुट्टीच्या दिवशी, पाळी संपल्यावर. वीतवीतभर विणायचा, दिव्यावर धरायचा, कापायचा, टाकायचा. पुन्हा माग खोलायचा. फणी बदलली, मग जुनीच बसवली. धनसुखभाई म्हणायचे, लोटन, पुरे कर आता, मला कापड नकोय. तो म्हणायचा, तुम्हाला नको, मला दोष सापडायला हवा. सापडेना. मग त्याच्या लूमवरच्या रोजच्या कामातही घोळ सुरू झाला – चालता लूम तो मध्येच थांबवायचा, कापड वाकून वाकून बघायचा. पॉलिस्टरच्या लूमवर असं चालत नाही. मालकानं दोनदा समज दिली, तिसऱ्यांदा घरी बसवलं. आता कोसाडकडे एका सोसायटीत वॉचमन आहे.

नवरा होता तेव्हा, एका हळदीकुंकवाला सुमन भेटली होती. मी विचारलं नव्हतं, तीच म्हणाली, "ताई, त्यास्ले आते कापडले हात लावाना भेव वाटस." दुकानात तिच्यासाठी साडी घ्यायची तर तो बाहेर उभा राहतो. मी तिला वाण दिलं. ती माझ्या पाया पडली, मी मोठी म्हणून.

कोसाड काही लांब नाही. दोन रिक्षा बदलल्या की झालं. नऊ वर्षांत मी गेलेले नाही.

तुम्ही म्हणाल, घाबरून तोंडून गेलं, माणूस आहे. त्या संध्याकाळचं कदाचित तसं म्हणता येईल. मला जे सांगायचं होतं ते मात्र त्या संध्याकाळचं नाही. इतका वेळ मी त्याच्याभोवती फिरते आहे. लोटनभाऊ आठ महिने काय शोधत होता, आणि ते शोधायला त्याला कुणी लावलं, ते राहिलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साडेसातला खात्यावर पोचले. लोटनभाऊ फाटकाशी उभा होता. शर्ट कालचाच, इस्त्री मोडलेली. भांडायला आलाय असं मला वाटलं, आणि खरं सांगते, भांडला असता तर मला सोपं गेलं असतं. त्याच्या हातात कापडाची एक पट्टी होती, मागावर शिल्लक राहिलेल्या टोकातून कापलेली. त्यानं ती माझ्यापुढे धरली.

"ताई, काम गयं ते जाऊ द्या. माले नुसतं सांगा, चुकनं कोठे? ताणामा का बाणामा?"

त्याला काम परत नको होतं. माझी चूक काढायची नव्हती. त्याला त्याची चूक हवी होती, दुरुस्त करायला. फाटकाशी आम्ही दोघंच होतो. आवाज करणारं इंजिन नव्हतं, मालक नव्हते, कुणी माझ्या तोंडाकडे बघत नव्हतं. घाबरायला काही कारणच नव्हतं. रात्रभर झोपून मी ताजी होते. कापडात काही नाही एवढे तीन शब्द त्याला एकट्याला सांगितले असते, तर ते तिथंच राहिले असते. तो कुणाला बोलला नसता. तो बोलतच नाही.

मी पट्टी घेतली. उजेडावर धरली. ताणून पाहिली, कडेचा एक धागा ओढला, दातात धरून तोडला. सगळं नीट केलं, वेळ घेऊन. कापड निर्दोष होतं.

"बाण्यात," मी म्हटलं. "फणीचा ठोक हलका पडतोय. सगळीकडे नाही, मध्ये मध्ये."

त्यानं पट्टी परत घेतली आणि स्वतः उजेडावर धरली. बराच वेळ बघितली. त्याचे डोळे बारीक झाले, पट्टी थोडी तिरकी केली, पुन्हा सरळ केली.

"हा, ताई," तो म्हणाला. "दिसस."

पट्टीची घडी घालून त्यानं खिशात ठेवली, मला रामराम केला आणि गेला. मी आत गेले, दिवा लावला, पहिला ताका टेबलावर ओढला आणि तपासायला लागले.